पट्टेरी गाडी

सभासदाचे नाव: एलेउतेरिओ माकाराएग. निवास: सान रोके, प्रांत पांगासिनान. व्यवसाय: सान रोके बसथांबा चालक संघटनेचा नोंदणीकृत चालक. वाहन: मोटरसायकल, उजव्या अंगास प्रवासी डबा जोडलेली, प्रचलित संज्ञा ट्रायसिकल. रंग: नियमानुसार हिरवा, टपावर काळे-पांढरे पट्टे, हरकत नाही. वेग: मर्यादेत. वर्तन: समाधानकारक.

हे शेवटचं लिहिणाऱ्या चिटणिसाने एलेउतेरिओच्या, म्हणजे सगळ्या गावाच्या तेर्योच्या, गाडीत कधी पाऊल ठेवलं नसावं. रस्त्यात कोणी आडवं आलं की तेर्यो गाडी थांबवायचा, इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा आणि समोरच्याच्या आईबापांनी त्याला काय वळण लावलं याची सविस्तर चौकशी करायचा. कोंबडी आडवी आली तर कोंबडीचं घर शोधायचा. प्रवासी डब्यात बसून असायचे. याला उशीर म्हणतात हे तेर्योला कधी सुचलंच नाही. त्याच्या मते हा वेळ भाड्यातच धरलेला होता.

त्या उन्हाळ्यात थांब्यावर एक जुना, खिशात मावणारा व्हिडिओ गेम फिरू लागला. यंत्र बाबा आदमच्या काळातलं, पण आतली कॅसेट नवी होती. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या लुझ मॅडमनी सुट्टीत घरी बसून शर्यतीचा खेळ तयार केला होता. रस्ता आपलाच: बसथांबा, चर्च, पूल, बाजार. रांगेत ताटकळणारे चालक आळीपाळीने तो खेळायचे आणि हातातल्या हातात यंत्र असं वळवायचे की जणू ते स्वतःच पुलावरून खाली पडणार आहेत.

"तेर्योकाका," रोमेल म्हणाला. हा थांब्यावरचा सगळ्यात तरुण आणि सगळ्यात भरधाव चालक. "आज तुम्हाला इतक्या वेळा मागे टाकलं की मोजायचं सोडलं."

तेर्योने यंत्र हिसकावून घेतलं. हिरवट काचेवर सगळ्यात मागे एक पट्टेरी टपाची गाडी रखडत होती. बघता बघता ती भर रस्त्यात थांबली. बाकीच्या गाड्या तिला वळसा घालून पुढे गेल्या. बघ्यांना हसू आवरेना.

हसण्यावर निभावलं असतं. पण थांब्याचा नियम असा, की रांगेत जो पहिला त्याच्याच गाडीत प्रवाशाने बसायचं. तेर्योची चूल या नियमावर पेटत होती. त्याच आठवड्यात कोळीण रुफिनामावशी बांगुस माशांची टोपली घेऊन आली आणि पहिल्या नंबरवरच्या तेर्योला ओलांडून मागच्या रोमेलच्या गाडीत बसली.

"मावशी! रांग दिसत नाही का?"

"दिसते रे बाबा. पण तू भांडतोस आणि बर्फ माझा वितळतो."

"आजवर बरा चाललो!"

"आजवर वाटायचं, मलाच घाई असते. आता सगळं गाव बघतंय तुला थांबताना."

रोमेलने गाडी काढली. नुसती काढली नाही, रविवारच्या सभेसाठी ठरावही दिला: रांग रद्द, प्रवाशाने हवी ती गाडी निवडावी. हे मंजूर झालं असतं तर तेर्योने दिवसभर थांब्यावर बसून पट्टे पुसायचे, एवढंच काम उरलं असतं.

तो तडक लुझ मॅडमच्या घरी गेला. त्या केळी तळत होत्या.

"मॅडम, त्या खेळातला गाढव मी आहे का?"

"गाढव नाही हो. मागे पडणारी गाडी."

"मीच बरा सापडलो! रोमेलच्या गाडीला ब्रेक नाहीत, ती दाखवा की!"

"त्या यंत्राला रंगाच्या चारच छटा, काका. रोमेलच्या गाडीवरचा लाल ड्रॅगन काय, कुणाच्या गाडीवरचे निळे संत काय, सगळे सारखेच राखाडी डाग. ओळखू येतात ते फक्त तुमचे पट्टे."

गर्दीत गाडी उठून दिसावी म्हणून तेर्योने ते पट्टे स्वतःच्या हाताने मारले होते. ती दिसली होती.

"आणि मध्येच थांबते, तो बिघाड ना?"

"बिघाड नाही." मॅडमनी झारा कढईवर आपटला. "मी बढतीच्या परीक्षेला जायला तुमच्या गाडीत बसले होते. पुलाजवळ शेळी आडवी आली. तुम्ही तिच्या मालकाला झोपेतून उठवून आणलंत. मी पोचले तेव्हा केंद्राचं दार बंद."

"मग शेळ्या मोकाट सोडायच्या?"

"मी वर्षभर अभ्यास केला होता, काका."

"हे तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा तुम्ही शेळीवाल्याशी बोलत होतात."

 या बाईने सुट्टीभर ठिपक्याला ठिपका जोडून आपला राग रंगवला होता, आणि तो तेर्योच्या रागापेक्षा कितीतरी नीटनेटका होता. याचाही त्याला राग आला.

"काढून टाका मला त्यातून," तो म्हणाला.

"काढते. तुमची दया आली म्हणून नव्हे. रोमेल माझा खेळ सभेत पुरावा म्हणून नाचवणार आहे, ते मला खपणार नाही."

रविवारी रोमेलने यंत्र उंच धरलं तेव्हा काचेवर राखाडी डागांखेरीज काही नव्हतं. तो गडबडला. तेर्यो उठला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"रांग काय पळणाऱ्यांसाठी आहे? पळणाऱ्याला रांग लागतेच कशाला? आज तू रोमेल, उद्या तुझ्याहून नवी गाडी येईल, मग तू कुठे बसशील? माझ्या शेजारी! आणि मी तुला जागा देणार नाही, सांगून ठेवतो!"

म्हाताऱ्या चालकांनी रांगेच्या बाजूने हात वर केले. मग गाडीचे हप्ते फेडणाऱ्यांनी केले. रोमेलच्या बाजूने रोमेल आणि त्याचा मेहुणा.

ठराव फेटाळण्यात आला. तसेच बहुमताने नोंदवण्यात आले की, प्रवाशाने रांगेतील प्रथम वाहनातूनच प्रवास करणे बंधनकारक राहील, व अन्य वाहनाने त्यास घेऊ नये.

सोमवारी पहाटे पट्टेरी गाडी रांगेत पहिली उभी होती. रुफिनामावशी टोपली डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत गेली.