आरशात न बघण्याचा सराव

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मास्तर शेजारच्या सीटवर आणि मास्तरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. तो दाबून दाबून सव्वीस वर्षांत त्यांनी किती जीव वाचवले ते देवालाच ठाऊक, पण स्वतःच्या उजव्या गुडघ्याची मात्र पार वाट लावून घेतली. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला आणि सरळ सांगितलं, "असंच चालू ठेवलंत तर लवकरच काठी घ्यावी लागेल. बसून करायचं एखादं काम बघा." आता मास्तरांचं काम बसूनच होतं, पण हे डॉक्टरांना कोण समजावणार?

गावाबाहेर ट्रक-बसच्या ड्रायव्हरांसाठी एक प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे वर्गात शिकवणाऱ्याची जागा निघणार होती. वेग, अंतर, खुणा, वळणं, सगळं मास्तरांच्या तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. अटी दोनच होत्या. वय पन्नासच्या आत हवं आणि उमेदवार पदवीधर हवा. मास्तर पन्नाशीला टेकलेले आणि पदवीच्या नावानं बोंब. कॉलेजची दोन वर्षं झाली होती, तेवढ्यात वडिलांनी अंथरूण धरलं आणि थोरला म्हणून यांनी पुस्तकं बाजूला ठेवून गाडी धरली. तेव्हापासून कोणी शिक्षण विचारलं की मास्तर "कॉलेजपर्यंत" असं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

वाट काढली ती लेकीनं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, पण फोनवरून घर चालवायची हौस दांडगी. एक दिवस म्हणाली, "बाबा, तुमची ती दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. ऑनलाइन विद्यापीठं जुन्या विषयांचे क्रेडिट धरतात. जेवढे क्रेडिट जमा, तेवढा अभ्यास वजा."

"तेव्हाचं अर्थशास्त्र अजून चालतं? अगं, मला त्यातला एक शब्द आठवत नाही."

"तुम्हाला आठवायची गरजच नाही. कॉलेजच्या दप्तरात नोंद आहे ना, मग झालं."

मास्तरांची बायको घरी शिवणकाम करायची. तिनं मशीन न थांबवताच निकाल दिला, "म्हणजे जुनी भांडी मोडीत घालून नवं पातेलं आणायचं. घाला की मग, ठेवून तरी काय करायचंय?"

तर घातली मोडीत. दोन वर्षांचे विषय धरले गेले, मोटार मेकॅनिकचा जुना कोर्सही धरला गेला. उरलेले काही विषय मास्तरांनी संध्याकाळी शेवटची गाडी लावून आल्यावर, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पुरे केले. आणि काही विषय असे होते, की वर्षभर शिकत बसायचंच नाही. थेट परीक्षेला बसायचं, पास झालात की क्रेडिट तुमच्या नावावर. हा प्रकार मास्तरांना फार पसंत पडला. लायसन्सची चाचणी तरी वेगळी काय असते? येत असेल तर दाखव आणि घेऊन जा. असे तीन विषय त्यांनी परीक्षा केंद्रावर जाऊन, समोर पर्यवेक्षक बसलेला असताना, झकास सोडवले. राहिला फक्त संख्याशास्त्राचा एक पेपर.

तेवढ्यात विद्यापीठानं ते परीक्षा केंद्र बंद केलं. आता म्हणे परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत कोणी नको, टेबलावर पाण्याच्या ग्लासाशिवाय काही नको, आणि आधी लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवायची. टेबलाखालीसुद्धा. बायकोनं सकाळपासून दोनदा फरशी पुसली, पडदे बदलले. "परीक्षा माझी आहे," मास्तर म्हणाले. "घर माझं आहे," ती म्हणाली आणि शेजारणीकडे जाऊन बसली.

पेपर सोपा होता, हे मास्तर आजही शपथेवर सांगतात. पण थोड्याच वेळात पडद्यावर सूचना आली, 'कृपया स्क्रीनकडे पाहा.' मास्तर स्क्रीनकडेच बघत होते. पुढचं गणित मांडलं, पुन्हा तीच सूचना. तिसऱ्या वेळी पेपर आपोआप बंद झाला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं: परीक्षार्थीची नजर सतत वर, डावीकडे आणि उजवीकडे जात होती, खोलीत उत्तरं दाखवणारं कोणीतरी असावं असा संशय आहे, सबब परीक्षा रद्द.

मास्तरांना ते फार लागलं. सव्वीस वर्षांत लायसन्ससाठी कोणाला एक रुपया चारू दिला नाही, आणि या वयात कॉपीचा आळ? दोन घास धड जेवले नाहीत. लेकीनं विद्यापीठाकडून त्या परीक्षेचं चित्रण मागवून घेतलं आणि फोन केला. आधी हसत सुटली, मग हसू आवरून म्हणाली,

"बाबा, तुम्ही आरसे बघताय."

"कसले आरसे?"

"वरचा, मग डावीकडचा, मग उजवीकडचा. दर दोन-तीन सेकंदांनी. समोर गणित आहे आणि तुम्ही मागून कोण येतंय ते बघताय."

मास्तरांचा विश्वास बसेना. बायकोचा चटकन बसला. "जेवतानाही बघता की," ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, यांना माझ्या माहेरची माणसं आवडत नाहीत, सारखे दाराकडे बघतात. जित्याची खोड, दुसरं काय."

मास्तरांनी विद्यापीठाला जे होतं ते कळवलं. त्यांनी एक संधी दिली, तीन आठवड्यांनी. पण खाली एक ओळ होती: पुन्हा असंच आढळलं तर परीक्षेतून मिळवलेले आधीचे क्रेडिटही रद्द होतील. म्हणजे हातचे तीन विषयही जाणार, प्रशिक्षण केंद्राच्या अर्जाची मुदत जाणार आणि पन्नाशी काही कोणासाठी थांबणार नाही. मग आहेच तो ब्रेक, तो गुडघा आणि पुढे काठी.

मग नवरा-बायकोनं कंबर कसली. रात्रीची जेवणं आटोपली की मास्तर लॅपटॉपसमोर, बायको टेबलाच्या पलीकडे, हातात शिवणकामाची लाकडी पट्टी. मास्तरांची नजर हलली की पट्टी टेबलावर. पहिल्या संध्याकाळी एवढा खडखडाट झाला की शेजारीण विचारायला आली, काय मोडलं का. मास्तर वैतागून म्हणाले, "अगं, मला कळतसुद्धा नाही कधी बघितलं ते." "मला कळतंय ना," ती म्हणाली आणि पट्टी उचलली. बाई हाडाची शिक्षिका निघाली. आठवड्यात निम्मा आवाज कमी झाला. दुसऱ्या आठवड्यात तर पट्टी बराच वेळ नुसती हातात राहायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मास्तर अख्खा सराव पेपर सोडवून उठले आणि पट्टी एकदाही वाजली नाही. त्या दिवशी दोघंही इतके खूश होते की विचारू नका. दिवसा तोच माणूस शिकाऊ लोकांच्या शेजारी जाऊन बसतो, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. शहाणी माणसं, पण ध्येय डोळ्यांसमोर आलं की आजूबाजूचं दिसत नाही.

परीक्षा दोन दिवसांवर होती. सकाळच्या पाळीला दवाखान्यातली एक नर्स शिकायला यायची. सावध बाई, गाडी तशी बरी चालवायची. चौकातून डावीकडे वळायचं होतं. मास्तर म्हणाले, "वळव." तिनं चाक फिरवायला घेतलं आणि तेवढ्यात स्वतःच करकचून ब्रेक मारला. डाव्या बाजूनं एक स्कूटर गाडीच्या दाराला घासत पुढे गेली आणि आडवी झाली. चालवणारा पडला, मागे बसलेली त्याची बायको रस्त्यावर बसली. नशीब एवढंच की मागून दुसरं काही येत नव्हतं. त्याचे तळवे सोलवटले, तिला मुका मार लागला, तेवढ्यावर निभावलं.

मास्तर उतरले, स्कूटर उभी केली, बाटलीतल्या पाण्यानं त्या माणसाचे हात धुतले, त्याच्या शिव्या खाल्ल्या. तो म्हणाला, "झोपला होतात काय हो?" मास्तर परत गाडीत बसले तेव्हा नर्स इंजिन बंद करून बसली होती. तिनं विचारलं, "सर, तुम्ही बघितलं नाही?"

हा प्रश्न मास्तरांनी आजवर हजारांना विचारला असेल. त्यांना कोणी विचारलेला नव्हता. स्कूटर त्यांच्या बाजूनं आली होती, त्यांच्या आरशात सबंध दिसत असणार, आणि ते समोर बघत बसले होते. पाय ब्रेककडे गेलासुद्धा नव्हता.

स्कूलवर जाऊन त्यांनी मालकांना पट्टीपासून सगळं सांगितलं आणि टेबलावर चावी ठेवली. मालक म्हणाले, "अरे, नुसतं खरचटलंय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा झालं. होतं कधी कधी."

"ब्रेक तिनं मारला. मी नाही."

"परवा परीक्षा आहे ना तुझी? ती होऊ दे. मग बघ हवे तेवढे आरसे."

"आणि परवापर्यंत कोणाला शेजारी बसवू?" मास्तर म्हणाले. "परवानंतर तरी ती सवय लगेच परत येईल याची खात्री काय? लागायला वर्षं गेली होती, मोडायला तीन आठवडे पुरले. मला माझाच भरवसा राहिला नाही."

"पोटापाण्याचं काय करणार?"

मास्तर वळून निघाले. ते पायीच घरी आले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "म्हणजे परवा नापास झालात तर ना गाडी, ना वर्ग." मग तिला रडू फुटलं. "पट्टी मीच मारत होते. त्या माणसाच्या डोक्यावरून चाक गेलं असतं तर?"

"मीच सांगितलं होतं मार म्हणून," मास्तर म्हणाले. त्या रात्री सराव झाला नाही.

परीक्षेच्या दिवशी मास्तर समोर बघत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मान हलवली नाही. सूचना एकदाही आली नाही. मास्तर पास झाले, क्रेडिट पुरे भरले आणि मुदत संपायच्या आत पदवी मिळाली. लेकीनं फोनवर आरडाओरडा केला. शेजारीण अभिनंदन करून गेली. मास्तर सगळ्यांना हो हो म्हणत होते, पण त्यांना आनंद असा झालाच नव्हता. रस्ता ओलांडताना ते आता दोन-दोनदा थांबायचे आणि मुद्दाम, ठरवून, डावीकडे-उजवीकडे बघायचे.

प्रशिक्षण केंद्राचं मुलाखतीला बोलावणं आलं. बायकोही बरोबर निघाली. वाटेत तिनं बजावलं, "नोकरी का सोडली विचारलं तर गुडघा म्हणा. खोटं नाहीच ते."

आत तिघं जण होते. मध्ये बसलेल्या बाई केंद्राच्या प्रमुख. त्यांनी वेग-अंतराचे प्रश्न विचारले, मास्तरांनी खडाखड उत्तरं दिली. मग त्यांनी अर्ज उलटून पाहिला. "पदवी हातात यायच्या आधीच नोकरी सोडलीत. का?"

"गुडघा," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं."

बाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि शेजारच्याला म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?" त्यालाही काही विचारायचं नव्हतं. झालं होतं. उठायचं आणि बाहेर जायचं, एवढंच बाकी होतं.

मास्तर उठले नाहीत. "मॅडम, गुडघा दुखतो ते खरं आहे. पण नोकरी मी त्यासाठी सोडलेली नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कॅमेरा, आरसे, पट्टी, स्कूटर, रस्त्यावर बसलेली बाई. काही वगळलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला हे कळलंही नसतं."

"खरं आहे."

"मग का सांगितलंत?"

"इथं येणारी पोरं उद्या ट्रक चालवणार," मास्तर म्हणाले. "पहिल्याच तासाला मी त्यांना हे सांगणार आहे. ते तुम्हाला त्यांच्याकडून कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळलेलं बरं."

"ठीक आहे. बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून काही ओळखता येईना.

बाहेर बाकावर बायको बसली होती. मास्तरांचा चेहरा बघून तिला कळलं. "सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"अहो, गुडघा म्हणायला काय झालं होतं?" ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. खरं तर तिचा राग त्यांच्यावर नव्हता. ती मनातल्या मनात महिन्याला किती ब्लाउज शिवावे लागतील याचा हिशोब घालत होती.

बऱ्याच वेळानं ऑफिसातला कारकून बाहेर आला. "सर, सोमवारी मूळ कागदपत्रं घेऊन या. मॅडमनी सांगितलंय."

मास्तर दोन पावलं पुढे आले. विचारलं ते बायकोनंच. "म्हणजे घेतलं का यांना?"

"मूळ कागद उगाच कोण मागतंय, वहिनी?" कारकून म्हणाला. "शिवाय मॅडम म्हणाल्या, तो पहिला तास ऐकायला त्यासुद्धा येणार आहेत."

मास्तर बाकावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत रडायला लागले. स्कूटर पडली त्या सकाळपासून ते एकदाही रडले नव्हते. बायकोनं त्यांना गप्प केलं नाही. ती त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि तिनं त्यांचं रडणं आटपू दिलं.