तथास्तु म्हणणारं घर

उभ्या नाशकात घराला घाबरणारा माणूस एकच होता, आणि तो आमचा घरमालक होता. घर पडेल म्हणून नव्हे. घर ऐकतं म्हणून. वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु, तथास्तु म्हणत बसलेला असतो आणि ते आपल्या कुठल्या शब्दावर पडेल याचा नेम नाही, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं आणि मोठेपणी विसरलेलं असतं. मालक विसरले नव्हते. सातपूरला त्यांचा कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या करायचा कारखाना होता, गंगापूर रोडला दुमजली घर होतं, लग्न केलेलं नव्हतं, आणि छपराखाली अभद्र शब्द काढायचा नाही हा एकच धर्म ते पाळत. मी शाळामास्तर, सत्तर सालानंतर लवकरच त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. आमच्या हिनं स्वयंपाकघरात "तांदूळ संपले" म्हटलं की खालून आवाज यायचा, "वहिनी, वाढले म्हणा, वाढले!" त्यांना ऐकू कसं जायचं, देव जाणे. ही पुढं पुढं कुजबुजायला लागली, तरी आवाज यायचाच.

वाईट बातमी ऐकायची ती उघड्यावर, असा त्यांचा दंडक. पत्रा कापायचा प्रेस बंद पडला, माल परत आला, कोणाचं बोट चेचलं, की फोरमननं त्यांना आधी कारखान्याच्या अंगणात कडुनिंबाखाली न्यायचं आणि मग सांगायचं. हा फोरमन सिन्नरकडचा. तो दारात उभा राहून "शेठ, जरा भाईर या" म्हणाला की मालक हातातला चहा तसाच ठेवून निघायचे. एकदा भर उन्हात त्यानं असंच बाहेर बोलावलं आणि खिशातून लेकीच्या लग्नाची पत्रिका काढली. मालक घामानं निथळत होते. "अरे गाढवा, ही आत द्यायची!" म्हणाले, आणि त्याचा हात धरून पुन्हा आत नेऊन "पोरगी सुखात नांदेल, सुखात नांदेल" असं भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत बसले. डॉक्टरांना तर ते फाटकाबाहेर उभं राहून छाती तपासायला लावत. आणि ज्यांच्या कड्या अर्ध्या जिल्ह्याच्या दारांना होत्या, त्यांच्या स्वतःच्या मागल्या दाराला कडी नव्हती. दार नुसतं लोटलेलं असायचं. मी एकदा चोरांची आठवण करून दिली, तर मला ओढत अंगणात आणून म्हणाले, "मास्तर, ज्याला यायचंय त्याला येता आलं पाहिजे."

पुढं सरकारनं शहराच्या जुन्या भागाची नव्यानं बांधणी करायला एक मंडळ नेमायचं ठरवलं, आणि त्यावर उद्योगधंद्यातला एक माणूस हवा असं निघालं. सातपूरची बडी बडी मंडळी गुडघ्याला बाशिंग बांधून बसली. नेमणूक झाली ती आमच्या मालकांची. कारण काय, तर या गृहस्थानं आजवर कोणाबद्दल वाईट शब्द काढलेला नाही, असं चौकशीत आढळलं. आढळणारच! साहेबलोक त्यांना भेटलेले सगळे छपराखाली. अंगणातले मालक त्यांना कुठं माहीत?

एरवी सत्काराच्या हारालाही नको म्हणणाऱ्या मालकांनी ही जागा मात्र तत्काळ स्वीकारली, याचं मला नवल वाटलं. मंडळाचं काम मुख्यतः पाडापाडीचं, म्हणजे अभद्रच; त्यामुळं बैठका कचेरीसमोरच्या हिरवळीवर भरू लागल्या. अधिकारी डोक्यावर रुमाल टाकून बसत, नकाशे वाऱ्यावर उडत आणि इंजिनिअरसाहेब त्यांच्यामागं धावत. "साहेब, निदान पंख्याखाली बसू या," ते एकदा कळवळून म्हणाले. मालक म्हणाले, "पंख्याखाली 'पाडा' म्हणालो आणि तुमची कचेरीच खाली बसली तर?"

नदीकडच्या एका बोळातली घरं पाहायची होती, तेव्हा त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवून नेलं. एका घरापाशी त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावला. आत भांड्यांना कल्हई करणाऱ्या एका माणसाचं बिऱ्हाड होतं. त्याच्या बायकोनं मालकांना ओळखलं. "दरवर्षी येऊन मधल्या खोलीत उभे राहता, तेच ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग साहेब, एवढं घर पाडाच बघा. भिंत कधी अंगावर येईल सांगता येत नाही. पावसाळाभर लेकरं कुशीत धरून ओट्यावर बसते मी. नवी खोली देणार म्हणतात ना?" मालक पांढरेफटक पडले. बाई बोलली ते छपराखाली. त्यांनी वर तुळईकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. तुळई नुसती तुळई होती, पण खोलीत आणखी कोणीतरी कान देऊन उभं आहे असं मला वाटलं खरं.

बाहेर आल्यावर ते बोळाच्या तोंडाशी एका दगडावर बसले आणि बोलले. हे त्यांचं लहानपणचं भाड्याचं घर. भोवऱ्यावरून धाकट्या भावाशी भांडण झालं आणि त्या मधल्या खोलीत ते त्याला म्हणाले, "जा, पुन्हा घरात येऊ नकोस." बाळू रागानं नदीवर गेला. गोदावरीला पाणी चढलेलं होतं. तो सापडलासुद्धा नाही. "घरानं ऐकलं, मास्तर. शब्द जिथं गेला तिथंच तो परत घ्यावा लागतो. दरवर्षी येतो आणि 'ये' म्हणतो. अजून तथास्तु पडलेलं नाही. हे घर वाचवायचं म्हणून तर मी मंडळावर आलो. आणि आता ही बाई..." त्यांच्या एका शब्दावर घर राहिलं असतं, आणि त्या भिंतीखाली ती लेकरंही राहिली असती.

कित्येक दिवस खालून चकार शब्द आला नाही. आमचे तांदूळ संपले तरी नाही. मग एका सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. "मास्तर, गेलेल्यासाठी जित्यांच्या अंगावर भिंत पाडू काय?" एवढंच म्हणाले. डोळे सुजलेले होते.

बिऱ्हाड हललं त्या दुपारी भांड्यांची हातगाडी वळणाआड गेली आणि बोळ पार रिकामा झाला. मालक मधल्या खोलीत जाऊन उभे राहिले, मी उंबऱ्यात. इतकी वर्षं ते "ये" म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "बाळू, माझं चुकलं रे. चल घरी." आणि माळ्यावरून आवाज आला, "ओ." खेळात रमलेलं पोर हाकेला देतं तसा, जरा कंटाळलेला. मी पुढं होऊन माळ्यावर पाहिलं. एका फुटक्या चाळणीखेरीज तिथं काही नव्हतं. मालकांनी वर पाहिलंच नाही. ते बाहेर आले, बोळाच्या तोंडाशी थांबलेल्या इंजिनिअरसाहेबांना शांतपणे "पाडा" म्हणाले आणि स्कूटर सुरू केली. मी मागं बसलो तेव्हा मान न वळवता म्हणाले, "मास्तर, जरा मागं सरका. मधे जागा ठेवा." मी सरकलो. घरी पोचेपर्यंत माझा शर्ट पुढून ओला झाला होता. उन्हाळ्याचे दिवस होते, घामच असेल.

संध्याकाळी मालकांनी मागल्या दाराला कडी बसवली. आपल्याच कारखान्याची, पितळी. "आता कशाला उघडं ठेवायचं?" म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते गुणगुणताना ऐकू आले. त्यानंतर हिनं जिन्यावरून "मालक" अशी हाक मारली की खालून दोनदा "ओ" यायचं, एक जाड आणि एक बारीक. ही म्हणायची, जिन्यात आवाज घुमतो. मीही म्हणायचो, घुमतो.

पुढं लांबच्या वारसांनी हे घर आम्हालाच विकलं. ती पितळी कडी मी काढलेली नाही. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः तांदळाचा डबा खडखडला आणि खालून कोणी ओरडलं नाही की.

मालक गेले. हे दोन शब्द लिहायचे म्हणून मी खुर्ची अंगणात आणून बसलो आहे. घरात आम्ही असं कधी म्हणत नाही. आता ऊन अंगावर आलं, खुर्ची उचलून आत जातो. आत ते अजून गेलेले नाहीत.