समजून घेणारी

ऑफिसात तिला पाठीमागे 'मलम' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. दातांच्या दवाखान्यांत वेळ ठरवून देणारं एक ॲप होतं, त्याची ती प्रॉडक्ट मॅनेजर. म्हणजे डॉक्टर एक मागणार, ॲप बनवणारे दुसरंच समजणार, साहेबाला तिसरंच हवं असणार, आणि हिनं तिघांच्या मधे उभं राहून सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, तेही तोंड वाकडं न करता.

तिची हातोटी साधी होती. समोरचा तापला की उत्तर द्यायचं नाही. त्याचाच शेवटचा शब्द हळूच त्याला परत द्यायचा आणि गप्प बसायचं. मग माणूस खरं दुखणं आपणहून ओकतो. परवा दाढीवाला प्रोग्रामर टेबलावर हात आपटत आला. त्यानं जीव ओतून बनवलेला एक भाग काढून टाकायचं ठरलं होतं. "जीव ओतला होता तुम्ही," एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळानं तोच हिला पाणी आणून देत होता आणि तो भाग स्वतःच्या हातानं काढतो म्हणत होता. साहेब म्हणाला, बाईला माणसाचं काळीज वाचता येतं. तिला मात्र तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पूर्वी वाटायचं. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपलाच असतो, पण आपला वाटत नाही, तसं झालं होतं.

मीटिंग संपून ती खुर्च्या सरकवत होती, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. अर्धांगवायू झालेले वडील त्याच्याकडे असत. त्यांना उचलून उचलून त्याला हर्निया झाला होता. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन करा, उचलणं बंद.

"ताई, दमलो गं मी."

"दमलास तू," सवयीनं तिच्या तोंडून निघालं, आणि ती गप्प बसली.

तोही फसला. रात्रीची जागरणं, बायकोची धुसफूस, सगळं बोलून गेला. मग मधेच थांबला.

"हे ऑफिसातलं माझ्यावर करू नकोस. मला समजून घेणारी नकोय. बाबांना नेतेस की नाही, तेवढं सांग."

तिनं आत चाचपून पाहिलं. माया, लाज, निदान राग तरी. पिठाच्या रिकाम्या डब्यासारखा नुसता तळ हाताला लागला.

"नेते."

"मनापासून?"

"मनात काही नाहीच रे सध्या. बाबांबद्दल नाही, तुझ्याबद्दलही नाही. पण नेते."

 मग तो सांगू लागला, बाबांची उजवी बाजू गेलीय, त्या बाजूला आपण उभं राहायचं. चहा चमच्यानं द्यायचा, घाई केली की ठसका लागतो. ती बरं, बरं म्हणत राहिली.

"चाकांची खुर्ची जाईल का तुझ्या बाथरूमच्या दारातून?"

तिला माहीत नव्हतं.

"मोजून सांगते," ती म्हणाली.