भिवाजींच्या पत्त्यावरील पत्रे

हैदराबादच्या गौलीगुड्यात माझ्या घरासमोर श्री. भिवाजी राहतात. त्यांचे वय एकोणसत्तर आहे. पत्नी वारल्यापासून ते एकटेच असतात. आबिड्सच्या टपाल कचेरीबाहेर घडीचे मेज मांडून ते तीस वर्षांपासून लोकांचे अर्ज भरून देतात.

त्यांची एक रीत होती. मराठवाड्यातून नवीन आलेल्या माणसाला हैदराबादेत घर नसे, आणि अर्जात पत्ता तर हवाच. तेव्हा भिवाजी आपल्याच घराचा क्रमांक लिहीत. आलेली पत्रे ते न उघडता पत्र्याच्या पेटीत ठेवीत. ज्याची असतील तो येऊन घेऊन जाई.

मी प्रौढवर्गात वाचायला शिकले, तेव्हा पोस्टमनच्या हातातील पाकिटांवरची नावे मला कळू लागली. एका महिन्यात सतरा निरनिराळी नावे आली. मला ते बरे वाटले नाही.

"भिवाजीदादा, हे एवढे लोक कोण?" मी विचारले.

"आपलीच माणसं, पंचफुलाबाई."

त्यानंतर मी त्यांच्या दाराकडे खिडकीतून लक्ष ठेवू लागले; खाटेखालची पेटीही तिथून दिसे.

मागील फेब्रुवारीत पोलीस आले. विकास नावाच्या माणसाला परदेशातील न्यायालयाने बनावट पासपोर्टबद्दल शिक्षा दिली होती. तो एका सशस्त्र संघटनेचा सदस्य निघाला. त्या पासपोर्टवर पत्ता भिवाजींचा होता.

"चाचा, ये घर है कि धरमशाला? कित्ते लोगां रहते इसमें?" निरीक्षकांनी विचारले.

"राहतो मी एकटा, साहेब. बाकीच्यांची पत्रं राहतात."

"मजाक नक्को करो. थाने को चलो."

भिवाजींना तो माणूस आठवेना. मला ते सोंग वाटले. मी त्यांच्या दारात आले होते; मीच पुढे होऊन म्हणाले, "साहेब, खाटेखाली पेटी आहे. सगळ्यांची पाकिटे तीत आहेत."

भिवाजींनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि पेटी बाहेर ओढली.

पेटीत विकासच्या नावाचे एकच बंद पाकीट निघाले, तीन वर्षांपूर्वीचे. निरीक्षकांनी ते फोडून वाचले. पासपोर्ट कचेरीने विकासचा अर्ज नामंजूर केला होता. कारण त्यातच लिहिले होते: घरमालक भिवाजी यांनी चौकशीस आलेल्या शिपायाला स्पष्ट सांगितले होते की, अर्जदार येथे राहत नाही, फक्त त्याची पत्रे येतात. खरा पासपोर्ट मिळाला नाही, म्हणूनच त्याने खोटा केला होता.

पोलिसांनी भिवाजींचा जबाब घरीच लिहून घेतला आणि पाकीट घेऊन ते गेले.

मी क्षमा मागितली. भिवाजी म्हणाले, "पेटी तुम्ही दाखवली म्हणून सुटलो." ते हसले मात्र नाहीत.

पुढच्या सोमवारी, महिन्यापूर्वी नांदेडहून आलेल्या माझ्या भाचीला, रंजनाला, नोकरीच्या अर्जासाठी मी त्यांच्या मेजापाशी नेले. पत्त्याच्या ओळीवर त्यांची लेखणी थांबली.

"ही राहते कुठं?"

"माझ्याकडे, दादा. तुम्ही रोज पाहताच की!"

"तसं लिहून द्या."

मी कोरा कागद घेतला, लिहिले आणि खाली सही केली. भिवाजींनी तो दोनदा वाचला, अर्जाला टाचला आणि मगच माझ्या घराचा क्रमांक लिहिला.