आत्या, कावळा आणि अनसिंगचा रेडिओ

आमच्या अनसिंगात एक रेडिओ स्टेशन होते आणि ते मी बंद पाडले. काढलेही मीच होते, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

स्टेशन म्हणजे माझ्या सायकलच्या दुकानावर बांधलेला कर्णा, एक माइक, चावीचा फोनो आणि मोटारीची जुनी बॅटरी. धंदा बसलेल्या टुरिंग टॉकीजचे हे सामान. खरा रेडिओ गावात फारसा कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून याला रेडिओ म्हणायची सोय झाली. दर बाजाराला मी बिड्या, बत्तासे आणि करीमशेठच्या धोतरांच्या जाहिराती ओरडायचो. दवंडी देणारे सदोबा कोतवाल डफडे काखेत धरून खाली उभे असत. (त्यांचे काम मी हिरावतो आहे हे मला कळत होते. पण माइक हातात आला की माणसाला फारसे काही कळत नाही!)

अशाच एका बाजाराच्या सकाळी, अंगणात मूगवड्या घालताना आत्याच्या डोक्याला कावळा शिवला. आई गेल्यावर मला या विधवा आत्यानेच वाढवले. साप दिसला तरी न हलणारी बाई, पण त्या दिवशी ती अर्ध्या वड्या टाकून घरात पळाली. कावळा शिवणे म्हणजे मरणाचे बोलावणे, आणि त्याला आमच्याकडे एकच उतारा. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नात्यातल्या कोणाला तरी धाडायची. तो मनापासून रडला की मरण टळते. मग खरे सांगून टाकायचे.

"मेडशीले नर्मदीले कार्ड टाक," आत्या म्हणाली. नर्मदा तिची एकुलती लेक. "थे रडते चांगली."

कार्ड पोचायला चार दिवस! तोवर आत्याला काही झाले तर? मी खरोखर घाबरलो होतो आणि घाबरल्यावर मला नेहमी अक्कल सुचते. म्हटले, रेडिओवरच सांगतो. सोयरे बाजारात आहेतच, सारा बाजार रडेल. भजनाची एक रेकॉर्ड लावतो, ती संपली की लगेच खुलासा.

"एकाच्या रडण्यानं भागते बाप्पा," आत्या म्हणाली. मी तोवर शिडी चढलो होतो.

बातमी सांगता सांगता मीच रडलो. बाजार मनासारखा रडला. मी भजन लावले. ते निम्म्यावर आले आणि कर्ण्यातला आवाज बारीक होत होत बंद पडला. बॅटरी संपली होती! मी छपरावर उभा राहून "आत्या जिवंत आहे" म्हणून बोंबललो. दुःखाने पोराचे डोके फिरले, असे म्हणत चौघांनी मला खाली उतरवले, घट्ट धरले आणि पाणी पाजले. दुकानांच्या फळ्या लागल्या. करीमशेठने पांढरे कापड पाठवले. बांबू घेऊन माणसे आमच्या अंगणात पोचली तेव्हा आत्या वड्या उलटत होती. पुढच्याने बांबू स्वतःच्याच पायावर टाकला.

दुसऱ्या दिवशी नर्मदा कपाळ बडवत आली. मायला पाहून तिच्या गळ्यात पडली आणि मग उठून तिने माझ्या थोबाडीत दिली.

"आता माय खरंच मेली तरी मी येत नाई," ती म्हणाली.

कापड परत करायला गेलो तर करीमशेठने हात लावला नाही. "कफन का कपडा वापस नहीं लेते, भाई. रहने दो." ते ट्रंकेत ठेवले.

दोन महिन्यांनी आत्याला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. बाजाराचाच दिवस होता. बॅटरी मात्र भरलेली. नर्मदेला लवकर कळावे म्हणून मी पुन्हा शिडी चढलो आणि सांगितले. खालून कोणीतरी विचारले, "काहून बाप्पा, पुन्हा कावळा शिवला काय?" बाजार हसला. मी माइकवर हुंदके देऊन रडलो. या खेपेला आधीपेक्षा चांगले जमले, असे लोकांचे मत पडले.

कोणी आले नाही. शेवटी सदोबांनी डफडे गळ्यात अडकवले आणि ते दवंडी देत गल्लोगल्ली फिरले. तेव्हा कुठे माणसे खाली मान घालून आली. ट्रंकेतले कापड बाहेर निघाले. बाजारातून परतलेल्या मेडशीच्या बैलवाल्यांनी नर्मदेला ही बातमी गंमत म्हणून सांगितली आणि तीही हसून भाकरी थापत बसली. खरे कळून ती आली तेव्हा चौथा दिवस होता. तिला आईचे तोंड दिसले नाही, आणि ते माझ्यामुळे. ती माझ्याशी बोलली नाही. थोबाडीत दिली असती तर बरे वाटले असते.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसून होता, पण शिवेना. जिवंतपणी न बोलावता शिवला होता! सगळ्यांनी हात जोडून वचने दिली. नर्मदेला दरसाल माहेरी आणीन, मी म्हणालो. कावळा हलला नाही. ऊन चढले.

"दादा," नर्मदा पहिल्यांदा बोलली, "थ्या यंत्राचं बोल."

मी हात जोडले. "आत्या, यापुढं म्या माइक हातात धरला तर तुही शपथ."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. मी सांगितलेली गोष्ट खरी मानणारा, अख्ख्या पंचक्रोशीत, तो एकच श्रोता उरला होता.