उतरवलेले तीन थर

दगड घसरले तेव्हा माझी सून भिंतीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर दुसऱ्या पायरीवर उभी होती. कमरेवर घागर होती. भिंतीच्या अलीकडे आम्ही सगळे होतो: दिल्लीहून आलेले तिघे, कॉलेजचे सर, शिबिराची पोरंपोरी, निम्मं गाव. वरचा एक दगड हलला, त्याच्यामागं दुसरा, आणि मग तीन थर ओल्या मातीसकट आत गेले. दगड पायऱ्यांवरून गडगडत गेले. आधी घागर पाण्यात पडली, मग सून.

भिंतीपाशी सगळ्यात पुढं मीच होते. हिला तिथं मी उभं केलंय, एवढंच मनात आलं.

आमचं गाव भालकीच्या पलीकडं, उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. गावाला पिण्याचं पाणी एकाच विहिरीचं होतं, पायऱ्यांच्या. बाया पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात जायच्या आणि घागर बुडवायच्या. ज्याच्या पायातून नारू निघत असेल तोही त्याच पाण्यात पाय बुडवून बसायचा, कारण गार पाण्यानं आग कमी व्हायची. नारू म्हणजे दोऱ्यासारखा किडा. कातडं फोडून बाहेर येतो, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मधेच तुटला तर पाय सुजून माणूस महिना-दोन महिने उठत नाही. पायातल्या किड्याची पिलं पाण्यात जायची आणि ते पाणी प्यालं की वर्षानं दुसऱ्याच्या पायातून किडा निघायचा. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही देवीचा कोप म्हणायचो. माझ्या घोट्यावर दोन खुणा आहेत. सून लग्न होऊन आली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिच्या पायातून निघाला. दीड महिना बाजेवर होती.

बिदरच्या एका कॉलेजची पोरं दर साली दहा दिवस आमच्या गावात शिबिराला यायची. त्यांच्याबरोबर एक सर असायचे. घरची भाषा कन्नड, मराठी बोलायचे ती निम्मी दखनी उर्दू. माणूस चांगला होता, हे आधीच सांगते. पायऱ्या बंद केल्याशिवाय नारू जाणार नाही, हे त्यांनी घरोघर फिरून सांगितलं. पायऱ्यांच्या तोंडावर छातीइतकी भिंत बांधायची, दुसऱ्या बाजूनं रहाट बसवायचा, आणि पाण्यात कुणाचा पाय पडू द्यायचा नाही.

मी चौथी शिकलेली. गावात लिहू शकणारी आणि पुरुषांसमोर तोंड उघडणारी बाई मी एकटीच, म्हणून सरांनी वही माझ्याकडं दिली. कोणत्या घरात कुणाच्या पायात नारू, कामाला कोण आलं, पोरं काय शिकवून गेली, पुढं त्याचं काय झालं, सगळं मी मराठीत लिहायचे. सर त्याचं इंग्रजी करून दिल्लीला पाठवायचे. देशातल्या कॉलेजांत गावासाठी खरं काम कोण करतं ते बघून दिल्लीचं एक सरकारी खातं दर साली एका कॉलेजला मान द्यायचं. दोन वर्षं फॉर्म गेले, तक्ते गेले, फोटो गेले. गावाकडचं सगळं मी सांभाळत होते. तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजचं नाव शेवटच्या यादीत आलं, आणि तिघं बघायला येणार असं पत्र आलं.

सर ओट्यावर येऊन बसले. तोंड उतरलेलं.

"अक्का, गाववाले आन पोरं मिळून काम करायलेत, ते बघायचं म्हणून लिवलंय त्यांनी. अपना काम तो दिवाळीतच खतम झालं."

"मग झालेलं बघतील की."

"झालेली भिंत बघून काय कळतंय? कंत्राटदारानं बांधली म्हनतील."

आमच्या गावात घर बांधताना शेवटचा दगड मानाच्या पाहुण्याच्या हातानं बसवायची रीत आहे. पाहुण्याला यायला उशीर झाला तर तेवढी जागा महिनाभर उघडी ठेवतात, पण दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. तेच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणाले, "वरचे तीन थर काढू. पोरं ते परत बांधतील. शेवटचा दगड पाव्हण्याच्या हातानं बसवू."

सर उठूनच उभे राहिले. "ये बात मेरे कू सुचली न्हाई, अक्का."

सुचायला नको होती. मलाही.

भिंत ज्या गवंड्यानं सिमेंटात बांधली होती त्यालाच बोलावलं. म्हातारा होता, तोंडाचा तिखट.

"चांगल्या भिंतीला पहार लावायलीस. कामून?"

"पाव्हणे यायलेत."

"पाव्हण्याला जेवू घालतेत. भिंत पाडून दावत न्हाईत."

पाडली त्यानं. थर उतरवताना खालच्याही भिंतीला हादरे बसले. आधीचं सिमेंट संपलं होतं आणि नवं मिळायला अर्ज करून वाट बघावी लागायची. म्हणून पोरांनी पांढऱ्या मातीत दगड रचले आणि राहिलेलं चिमूटभर सिमेंट बाहेरून फासलं. गवंडी हात झाडत म्हणाला, "वली माती हाय. चार दिस सुकू दे."

"त्यांची गाडी उद्या हाय," मी म्हणाले.

"मग गाडीलाच इचार भिंत टिकंल का."

दुसऱ्या दिवशी ते आले. दोन पुरुष आणि एक वयस्कर बाई, पायात साध्या चपला. मी वही दाखवली. बाईला मराठी येत नव्हती, तरी तिनं पान न् पान उलटलं. नावांवर बोट ठेवून विचारलं आणि सरांनी सांगितलं. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग विहिरीवर गेलो. पाहुणे पलीकडं रहाट बघत होते तेव्हा कॉलेजनं आणलेला फोटो काढणारा म्हणाला, पूर्वी बाया कशा उतरायच्या तेही दिसलं पाहिजे, एक बाई आत उभी करा. सरांनी बायांकडं बघितलं. एक म्हणाली, "आता कुठं पायातला किडा गेलाय. फोटोसाठी परत घालून घेऊ काय, बाई?" सगळ्या हसल्या आणि मागं सरकल्या.

सर माझ्याकडं बघायला लागले. मी सुनेकडं बघितलं.

"तू जा. पाण्यात पाय घालू नको. नुसती उभी ऱ्हा."

तिनं तोंड उघडलं, पण मी शिडी मागवायला वळले होते. तिला काहीतरी बोलायचं होतं. मग म्हणाली, "बरं, आत्या."

भिंतीवरून शिडीनं तिला आत सोडलं. शिडी फोटोत यायला नको म्हणून काढून घेतली. दिल्लीच्या बाईनं अलीकडं येऊन शेवटचा दगड उचलला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि फोटोत यायला मागची सगळी पुढं रेटली. भिंतीवर भार पडला. पुढचं वर सांगितलंय.

पोरांना पोहता येत नव्हतं. म्हातारा गवंडी रहाटाचा दोर धरून उतरला. त्यानं तिच्या केसांना धरून तिला वर काढलं. पाहुण्यांच्याच जीपमधून भालकीला नेलं, तिथं घेतलं नाही म्हणून बिदरला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दिल्लीच्या बाईनं तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कितवा महिना?"

"कसला महिना?" मी म्हणाले.

चौथा संपत आला होता. आदल्या वर्षी एकदा पोटातलं पडलं होतं, म्हणून पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं तिच्या आईनं बजावलेलं. पाळीत बाहेर बसायची रीत आमच्या घरात मीच मोडली होती, त्यामुळं मला कळायलाही वाट नव्हती. तिनं पायरीवर जायच्या आधी तोंड उघडलं होतं. मी तिला बोलायला वेळ दिला नाही, एवढं खरं.

मूल त्याच दिवशी गेलं. तिच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि ताप अकरा दिवस उतरला नाही. माझा मुलगा साखर कारखान्यातून यायचा, दाराशी उभा राहायचा, माझ्याशी बोलायचा नाही. मी त्याला बोलावलंही नाही.

तिला घरी आणून आठवडा झाला होता तेव्हा सर आले. हातात इंग्रजीत टाइप केलेला कागद. दिल्लीच्या बाईचं पत्र आलं होतं. काम चालू असताना एक बाई भिंतीच्या आत कशी होती, एवढंच तिनं विचारलं होतं. सरांनी उत्तर तयार केलं होतं. खाली माझी सही पाहिजे होती, कारण वही माझी.

"वाचून दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी मराठीत सांगितलं: सक्त मनाई असताना गावातली एक बाई सवयीनं पाणी आणायला आत उतरली.

"हे खोटं हाय, सर."

"ठाऊक हाय. पन मान मिळाला तो गाव कू बोअर मिळंल. तसं बोललेत. विहिरीत परत कुणाला उतरायलाच नको. आन माझी नोकरी, अक्का." ते माझ्याकडं बघत नव्हते.

मी लगेच नाही म्हणाले नाही. बोअर म्हणजे काय ते मला कळत होतं. कागद मांडीवर घेऊन बसले आणि पेन उघडलं. मी सही केली असती.

आतून बाजेवरून सून बोलली. आवाज बारीक झाला होता. "आत्या, या घरात आल्यापासून तुमचा एक तरी शब्द मोडलाय का मी?"

"न्हाई."

"मग मी मनाई मोडली म्हणून कामून लिवायलात? मूल गेलं ते गेलं. आता गावभर मीच खुळी व्हय?"

सर उठायला लागले. मी त्यांना बसवलं. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. भिंत पुरी होती. तीन थर काढायला मी सांगितलं. माती ओली आहे हे गवंड्यानं मला सांगितलं होतं. सुनेला आत मी उतरवलं. ती पाणी आणायला गेली नव्हती. खाली सही केली.

"मराठीतलं दिल्लीत कोन वाचतंय, अक्का?" सर म्हणाले.

"तुम्ही वाचून दावा. आजवर दावलं तसं."

त्यांनी ते पाठवलं. मला वाटलं नव्हतं, पण पाठवलं, इंग्रजी करून. मान त्या वर्षी दुसऱ्याच कुठल्या कॉलेजला गेला. आमच्या कॉलेजचं नाव परत यादीत आलं नाही. सरांच्या हातून शिबिर काढून घेतलं. बोअर आला नाही.

रहाटाला रांग लागायची, म्हणून तुटक्या भिंतीवरून बाया परत आत उतरायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या वहीत पुन्हा नारूची नावं आली. मग एका रविवारी सर सिमेंटची दोन पोती घेऊन बसनं आले, टपावर टाकून. पोरं नव्हती, फोटोवाला नव्हता. गवंड्यानं तीन थर बांधले. वाळू सुनेनं टाकली. मी म्हणाले होते तू बस, तिनं ऐकलं नाही. माझा शब्द मोडला तो तेव्हा पहिल्यांदा. चार दिवस भिंतीला कुणाला हात लावू दिला नाही गवंड्यानं. शेवटचा दगडही त्यानंच बसवला.

आता विहिरीकडं कोणी जात नाही, नळ आलेत. गवंडी वारला. सर कुठं आहेत ठाऊक नाही. सून बिदरजवळ नौबादला मुलाजवळ राहते, तो नंतरचा. पावसाळ्यात तिच्या बरगड्या दुखतात. त्या दिवशी विहिरीत दोघं पडली होती, त्यातली ती जगली.