पहिला बार

दिवाळीत नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पच्या घरामागे फुलबाजीचा वास आला की मला आइंडहोवनजवळचा नेमबाजी क्लब आठवतो. ऑफिसातल्या पुणेकर मित्राने स्वस्तातली, ठासणीची नवी बंदूक आणली होती. "या कंपनीच्या नळीचा भरवसा नाही," क्लबातले डच आजोबा म्हणाले. "लोक उगाच बदनाम करतात," म्हणत मित्राने बार ठासला आणि बंदूक माझ्यापुढे धरली. "घे रे, पाहुण्याचा मान!" आमच्या गावी राखणीच्या बंदुकीचा पहिला बार ठासणाऱ्यानेच काढायचा, ही वडिलांची शिस्त. मी म्हणालो, "आधी तू उडव." नळीकडे बघत त्याने बंदूक खाली ठेवली. "आज वारा फार आहे रे." इथे वारा कधी नसतो? बंदुकीत खोट होती का, मला आजही ठाऊक नाही. पण मुलीच्या हाती देण्याआधी पहिली फुलबाजी मीच पेटवतो.